चित्रकाराला फोन लावायच्या आधीपासून पुस्तक हातात येईपर्यंत

आपल्याकडं मराठवाड्यात सध्या बरेच जण स्वतःचा दिवाळी अंक काढायलेत, कुणी लेकरांसाठी गोष्टीची पुस्तकं करायलेत, शाळा स्वतःच्या वाचनपुस्तिका छापायलेत, आणि आठ-पंधरा दिवसाला कुणाचा तरी मला फोन येतो की ताई एखादा चांगला चित्रकार सांगा ना. मी नाव सांगते. दोन महिन्यांनी त्याच माणसाचा परत फोन येतो, चित्रं मनासारखी नाहीत, चित्रकार ऐकत नाही, पैशावरून वाजलं. आणि चित्रकाराला विचारलं तर तो म्हणतो, काय पाहिजे तेच मला कुणी नीट सांगितलं नाही.

बारा-तेरा वर्षं संभाजीनगरला पुस्तकांसाठी चित्रकारांकडून चित्रं करून घ्यायचं काम करून माझं ठाम मत झालंय की यातली बहुतेक भांडणं चित्रकार निवडायच्या आधीच पेरलेली असतात, कारण काम देणाऱ्यानं स्वतःशीच काही ठरवलेलं नसतं. म्हणून सगळं ओळीनं लिहून काढतेय. मोठ्या प्रकाशनात आर्ट डायरेक्टर म्हणून वेगळा माणूस असतो, आपल्याकडं संपादकच ते करतो, कधी प्रकाशक, कधी तर डीटीपीवाला पोरगा. पद काही का असेना, चित्र सांगायचं काम तुमच्याकडं असेल तर हे तुमच्यासाठी आहे.

पहिलं काम: मजकूर दोनदा वाचा

एकदा साध्या वाचकासारखं वाचायचं, काहीच खुणा करायच्या नाहीत. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचायचं आणि जिथं चित्र यावं वाटतं तिथं समासात लिहायचं की हे चित्र इथं काय करणार. "चित्र पाहिजे" एवढं लिहून भागत नाही. समजा कथेत लिहिलंय की आजीला लई राग आला. आता आजीचा रागीट चेहरा काढला तर शब्दानं सांगितलेलंच चित्रानं परत सांगितलं, वाचकाला नवीन काय मिळालं? त्यापेक्षा उतरंडीमागं लपलेला नातू आणि भिंतीवर पडलेली आजीची सावली काढली तर गोष्ट पुढं सरकते. हे चित्रकाराला सुचेलही, पण त्या जागी चित्र कशासाठी आहे हे तुम्हाला माहीत असेल तरच तुम्ही त्याला हो किंवा नाही म्हणू शकता, नाहीतर नुसतं "छान आहे पण..." म्हणत बसता.

मग एका कागदावर ह्या गोष्टी लिहून काढा: चित्रं किती, कोणतं पूर्ण पान आणि कोणतं चौथाई, रंगीत की काळं-पांढरं, पुस्तकाचा आकार, कागद कोणता, छपाईला कधी जाणार, चित्रांसाठी एकूण पैसे किती, आणि ही चित्रं पुस्तकाशिवाय अजून कुठं वापरणार, म्हणजे पोस्टर, फेसबुकवरची जाहिरात, ईबुक वगैरे. हा कागद भरल्याशिवाय कुणालाही फोन लावू नका. पैशाची ओळ रिकामी ठेवून फोन लावणारे लोक मला सगळ्यात जास्त भेटतात आणि ते चित्रकाराच्या वेळेवर अन्याय करतात.

शोधायचं कुठं

इन्स्टाग्राम आणि बिहान्स (चित्रकार आपली कामं टाकतात ती वेबसाइट) तर आहेतच, पण तिथं तेच लोक दिसतात ज्यांना स्वतःला दाखवायला वेळ आहे. मराठवाड्यात चांगला हात असलेली माणसं बऱ्याचदा तिथं नसतातच. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका, शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींची कामं भिंतीवर लागतात आणि शेजारी ती पोरं उभी असतात, दहा मिनिटं बोललं की माणूस कळतो. दुसरी जागा म्हणजे शाळेतले ड्रॉइंग टीचर. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केलेले कितीतरी शिक्षक तालुक्याच्या गावात पंचवीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची पोरं तयार करायलेत आणि त्यांची स्वतःची स्केचबुकं बघितली तर आपण थक्क होतो. तिसरी जागा पेंटर लोक, ज्यांनी फ्लेक्स यायच्या आधी दुकानाच्या पाट्या आणि भिंती रंगवल्या. त्यांची अक्षरं आणि ठळक आकार मुखपृष्ठाला फार उपयोगी पडतात, फक्त त्यांना पुस्तकाची पद्धत थोडी समजावून सांगावी लागते.

आणि जुने अंक बघा. मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ ला काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकापासून धरतात, आणि पुढं दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे अशा चित्रकारांनी मराठी माणसाला चित्र बघायला शिकवलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात हे अंक अजून मिळतात. तीन अंक समोर ठेवले तरी एक गोष्ट लगेच कळते, मुळगावकरांच्या गुळगुळीत, झळाळत्या देवादिकांच्या जागी सरवट्यांची कोरडी, नेमकी रेघ बसणार नाही आणि सरवट्यांच्या विनोदी प्रसंगात मुळगावकरांचा रंग बसणार नाही. दोघंही थोरच, पण काम वेगळं. लेकरांसाठी करत असाल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक चाळा, वयाप्रमाणं चित्र कसं बदलतं ते तिथं समजतं.

जिथं कुठं चांगलं काम दिसेल तिथं नाव, गाव आणि "कशासाठी चांगला" एवढं एका वहीत लिहून ठेवा. "गर्दी चांगली काढते", "जनावरं जिवंत", "काळ्या-पांढऱ्यात ताकद", अशा नोंदी. ऐन वेळेला ही वहीच कामाला येते.

कामं बघताना काय बघायचं

नवीन माणूस सगळ्यात सुंदर चित्र बघून भुलतो. मी उलटं करते, सगळ्यात साधं चित्र शोधते. चकचकीत एक चित्र महिनाभर बसून कुणीही काढतं, पण पुस्तकात तीच पोरगी सोळा पानांवर काढायची असते, समोरून, मागून, बसलेली, पळताना, रडताना, आणि प्रत्येक वेळी ती तीच वाटली पाहिजे. म्हणून एकाच पात्राची पाच-सहा चित्रं आहेत का ते बघा. नसतील तर स्केचबुकचे फोटो मागा. त्यात हात आणि पाय बघा, माणसं मांडी घालून बसलेली बघा, कारण आपल्या गोष्टींत माणसं खुर्चीवर कमी आणि भुईवर जास्त बसतात आणि मांडी घातलेलं शरीर नीट काढणं फार अवघड आहे. दोन माणसं एकमेकांकडं बघतायत असं चित्र असेल तर त्यांच्या नजरा खरंच भिडतात का बघा.

सिनेमातल्या हिरोंची हुबेहूब पोर्ट्रेट बघून निवडू नका. फोटोवरून हुबेहूब काढणं ही कला आहेच, पण गोष्टीतलं न बघितलेलं चित्र डोक्यातून कागदावर आणणं ही वेगळी ताकद आहे. आणि आता एआयचा प्रश्न आलाय, तर सरळ विचारा, न लाजता विचारा. कच्ची रेखाटनं, मधल्या पायऱ्या, लेयरची फाइल दाखवा म्हणा. खरं काम करणाऱ्याकडं ह्या गोष्टी असतातच आणि त्याला दाखवायला आवडतात. एआय चालेल की नाही हे तुमचं धोरण आधी कळवा आणि लेखी ठेवा.

शेवटी दोन किंवा तीन नावं उरली की एक प्रश्न स्वतःला विचारायचा: ह्या माणसाचा हात जे आधीच करतो तेच मला पाहिजे का? हो असेल तरच पुढं जा. "काम चांगलं आहे, आपण त्याच्याकडून जरा वेगळ्या स्टाईलमध्ये करून घेऊ" हा विचार आला की थांबा. दुसऱ्याची स्टाईल करायला लावून चांगलं पुस्तक झालेलं मी तरी बघितलं नाही.

पहिला फोन, आणि पैसे

पहिल्याच फोनला चार गोष्टी सांगायच्या: काम काय, चित्रं किती, तारीख कोणती, पैसे किती. पैसे कमी असतील तर कमी आहेत म्हणून सांगा, कुणी चिडत नाही. लोक चिडतात ते महिनाभर काम झाल्यावर आकडा कळला की. "नवीन आहेस, नाव होईल" हे वाक्य कुणालाही बोलू नका, समोरची पोरगी रंग आणि चित्र काढायचा टॅबलेट नावावर विकत आणत नाही.

नमुना चित्र पाहिजे असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या, थोडे का असेनात. पाच जणांकडून फुकट नमुने मागवून एकाला काम देणं ही वाईट सवय आहे आणि आपल्या भागात ती फार पसरलीय.

हप्ते मी असे ठरवते: काम ठरलं की तीस टक्के, सगळी कच्ची चित्रं मंजूर झाली की तीस, आणि अंतिम फाइली आल्या की चाळीस. शेवटचा हप्ता पुस्तक छापून येईपर्यंत किंवा विकलं जाईपर्यंत लांबवायचा नाही, छपाई लांबली तर त्यात चित्रकाराचा काय दोष. मधेच काम रद्द झालं तर काय द्यायचं तेही आत्ताच बोला, कच्ची चित्रं मंजूर झाल्यावर रद्द केलं तर निम्मे पैसे हा मला बरा वाटलेला हिशोब आहे. टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापणार असाल तर फोनवरच सांगा, नाहीतर खात्यात कमी पैसे आले की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

वेळेचंही बघा. दिवाळी अंकाला लोक गणपती झाल्यावर चित्रकार शोधायला निघतात. तोपर्यंत पेंटर लोक मूर्ती आणि मंडपात थकलेले असतात, ड्रॉइंग टीचर ग्रेड परीक्षांच्या गडबडीत असतात. आषाढी झाली की फोन लावा.

ब्रीफ: एक पान, पण लिहून

ब्रीफ म्हणजे काय पाहिजे ते चित्रकाराला सांगायचं टिपण. तोंडी सांगितलेलं ब्रीफ दोघांच्या डोक्यात दोन वेगळं असतं. लिहून द्या. एका पानाच्या वर जाऊ नका. त्यात वाचक कोण, गोष्ट कुठं आणि कोणत्या हंगामात घडते, प्रत्येक चित्रात काय असलंच पाहिजे आणि काय अजिबात नको, आकार आणि तारखा, एवढं आलं पाहिजे. पात्र कुठं उभं राहील, कॅमेरा कुठून बघेल हे लिहू नका, ते चित्रकाराचं काम आहे. तुम्हीच सगळं ठरवून दिलं तर तुम्ही त्याचा फक्त हात विकत घेताय, डोकं घरीच ठेवायला सांगताय.

पण जागा मात्र बारकाईनं द्या, ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. चार वर्षांखाली आम्ही येळवसेवर लेकरांचं एक पुस्तक केलं. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. लेखक लातूर जिल्ह्यातले, वयानं मोठे, स्वतः शेती करणारे. चित्रकार पोरगी मोठ्या शहरात वाढलेली, हात फार गोड. मी ब्रीफमध्ये लिहिलं होतं "मराठवाड्यातलं शेत, बैल, घर, सणाचं वातावरण". एवढंच.

कच्ची चित्रं आली ती बघायला सुंदर. मागं हिरवे डोंगर, उतरत्या कौलांचं घर, लांब शिंगांचे पांढरे खिल्लार बैल. मी ती लेखक काकांना दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणले, "माय, चित्रं झकास आहेत, पण हे गाव आपलं न्हाई." मग त्यांनी एकेक बोट ठेवून सांगितलं. आपल्याकडं जुनी घरं माळवदाची, वर सपाट, मातीचं धाबं, त्यावर माणसं झोपतात, शेंगा वाळत घालतात. बैल देवणी, पांढऱ्या अंगावर काळं, कान खाली लोंबलेले, नाहीतर कंधारकडची लाल कंधारी, गडद तांबडी. रान काळं आणि सपाट, त्यात ज्वारी उभी. कोप म्हणजे झोपडी न्हाई, कडब्याच्या पेंढ्या टेकवून केलेला आडोसा, आत वाकूनच जावं लागतं.

त्या पोरीची त्यात काही चूक नव्हती. तिनं जे आयुष्यभर चित्रात आणि पडद्यावर "खेडं" म्हणून बघितलं तेच काढलं. चूक माझी होती, मी तिला शब्द दिले आणि डोळे दिले नाहीत. मग आम्ही काय केलं, काकांच्या नातवाला सांगून शेताचे, घराचे, बैलांचे, आंबिलीच्या मडक्याचे साठ-सत्तर फोटो मागवले, काकींचा डोक्यावर डाल घेऊन चालतानाचा एक व्हिडिओ मागवला कारण डाल डोक्यावर असली की मान आणि कंबर कशी चालते ते फोटोत कळत नाही, आणि पोरीला एक दिवस व्हिडिओ कॉलवर काकांशी नुसतं बोलू दिलं. तिनं सगळी कच्ची चित्रं परत काढली, त्या जादा कामाचे पैसे आम्ही दिले, आणि दुसऱ्या खेपेच्या चित्रात तिनं स्वतःहून माळवदाच्या कडेला वाकून बघणारं एक पोरगं टाकलं जे गोष्टीत कुठंच नव्हतं. पुस्तकात लेकरं सगळ्यात आधी त्याच पोराला शोधतात.

तेव्हापासून माझा नियम, ब्रीफसोबत संदर्भाचं एक फोल्डर जातंच. घर, जनावर, पीक, कपडा, भांडं, प्रत्येकाचे दोन-तीन खरे फोटो, शक्यतो स्वतः काढलेले. नेटवरून उचललेले फोटो द्यायचे तर फक्त माहितीसाठी, नक्कल करायला नाही, आणि तसं स्पष्ट लिहून.

छोटं चित्र, कच्चं चित्र, रंग, मग अंतिम

हा क्रम मोडू नका, घाई असली तरी. आधी काडेपेटीएवढी छोटी चित्रं, एका प्रसंगाची दोन-तीन. त्यात फक्त कोण मोठं, कोण लहान, मोकळी जागा कुठं एवढं बघायचं. इथं बदल सांगायला दोघांनाही काही खर्च येत नाही. मग कच्चं चित्र, खऱ्या आकारात, पेन्सिलीत. हावभाव, कपडे, वस्तू, घर, जनावर, सगळ्या दुरुस्त्या इथंच संपवायच्या. मग एका चित्राचा रंग-नमुना. तो मंजूर झाला की अंतिम. अंतिम चित्र आल्यावर "हिला साडी नको, परकर-पोलकं पाहिजे होतं" म्हणायचा हक्क तुम्ही कच्च्या चित्राला हो म्हणालात तेव्हाच संपला. तरी करायचंच असेल तर पैसे द्या.

पुस्तक असेल तर कच्च्या चित्रांची डमी बनवा, साधे कागद दुमडून. छपाई बहुधा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून दुमडायच्या गठ्ठ्यात होते म्हणून बालपुस्तक चोवीस (दीड फॉर्म) किंवा बत्तीस (दोन फॉर्म) पानांचं धरतात, त्यात मुख्य पान, माहितीचं पानही आलं. डमी हातात घेऊन पानं उलटली की लगेच कळतं की तीन पानं सलग सगळे डावीकडंच बघतायत किंवा ऐन गमतीची गोष्ट पान उलटायच्या आधीच दिसतेय.

अभिप्राय द्यायची पद्धत शिका, ह्यात आपण फार कच्चे आहोत. "काहीतरी कमी वाटतंय" हा अभिप्राय नाही. परभणीच्या एका पोरीला मी सुरुवातीच्या काळात हेच तीनदा म्हणले होते, तिनं तीनदा मुकाट्यानं बदललं आणि चौथ्यांदा विचारलं, "ताई, नेमकं काय कमी आहे ते सांगा ना, मी करते." मला सांगता येईना. रात्री चित्र समोर ठेवून बसले तेव्हा दिसलं की आई आणि लेकरू शेजारी बसलेत पण दोघांच्या मधे हातभर मोकळी जागा आहे, गोष्ट तर जवळिकीची आहे. एका वाक्यात सांगितलं, एका तासात चित्र झालं. त्या पोरीचे आठ दिवस मी खाल्ले होते.

तर अडचण सांगा, उपाय सांगू नका. "लेकरू एकटं वाटतंय" म्हणा, "त्याला दोन इंच उजवीकडं सरकवा" म्हणू नका. सगळे बदल एकाच वेळी, एकाच संदेशात, आकडे घालून पाठवा. सकाळी एक, दुपारी दोन, रात्री अकराला व्हॉइस नोट, असं करू नका. आणि काय चांगलं झालंय तेही नेमकं सांगा, म्हणजे बदल करताना ते हलणार नाही.

लेखक, संपादक, देणगीदार, संस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांची मतं तुमच्याकडं येऊ द्या, चित्रकाराकडं थेट जाऊ देऊ नका. एक म्हणतो पिवळं, दुसरा म्हणतो निळं. त्यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं, मगच पुढं सांगायचं. अध्यक्षांना नाही म्हणायचं धाडस तुम्हालाच करावं लागतं, चित्रकार ते करू शकत नाही.

फाइल आणि छपाई

हे थोडक्यात, पण चुकलं तर सगळं वाया. रंगीत चित्र छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (एका इंचात तीनशे ठिपके), म्हणजे ए-फोर पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल. नुसत्या काळ्या रेघेचं काम ६०० किंवा जास्त. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा चित्र, कटिंगला. चेहरा किंवा हात पानाच्या मधल्या घडीत येऊ देऊ नका. स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे आणि केशरी छपाईत मावळतात, म्हणून रंग-नमुना मंजूर करतानाच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगात बघा. मॅपलिथो किंवा न्यूजप्रिंट कागद शाई पितो, चित्र गडद होतं, तर चित्रकाराला आधीच सांगा की सावल्या जरा हलक्या ठेव. बारीक काळी रेघ एकाच काळ्या शाईत ठेवा, चारी रंगांची केली आणि प्लेट केसभर हलली की रेघेला भूत दिसतं.

मुखपृष्ठावर नावाला जागा सोडायला सांगताना लक्षात ठेवा, आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो. इंग्रजी शीर्षकाच्या हिशोबानं सोडलेली पट्टी देवनागरीला पुरत नाही. ब्रीफसोबत शीर्षक टाइप करून त्याच आकाराचं पाठवा, म्हणजे चित्रकार त्याच्या भोवतीनं चित्र रचेल.

आणि फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून घेऊ नका. आमचं एक मुखपृष्ठ असंच फोटो म्हणून आलं, मोबाइलवर एकदम टकाटक, प्रेसला तसंच गेलं आणि छापून आलं तेव्हा देवीच्या डोळ्याभोवती चौकोन चौकोन दिसत होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हची लिंक घ्या, आणि फाइल उघडून पिक्सेल मोजा.

कागदावर काय लिहायचं

चार ओळींचा का असेना, करार करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं बाहेरच्या चित्रकारानं काढलेल्या चित्राचा पहिला हक्क साधारण त्याचाच असतो, पगारी नोकरीत केलेल्या कामाचा मालकाचा. पण पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या पेंटिंग आणि पोर्ट्रेटला वेगळी तरतूद आहे, उलट करार नसेल तर तिथं हक्क काम देणाऱ्याकडं जातो. म्हणजे गृहीत धरलं की घोळ, दोन्ही बाजूंनी. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणं ते लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. कलम ५७ प्रमाणं आपल्या कामावर आपलं नाव सांगायचा आणि ते बिघडवून वापरलं तर हरकत घ्यायचा हक्क चित्रकाराकडं वेगळा राहतो.

मी शक्यतो सगळे हक्क मागत नाही. ह्या पुस्तकाची मराठी आवृत्ती, इतकी वर्षं, छापील आणि ईबुक, जाहिरातीसाठी वापर चालेल, कॅलेंडर किंवा टी-शर्ट करायचं झालं तर वेगळे पैसे, दुसऱ्या भाषेत गेलं तर वेगळे पैसे. एवढं लिहिलं की मुद्दे संपतात. चित्र उलटं करणं, कापणं, रंग बदलणं विचारल्याशिवाय नाही, हेही लिहा, कारण आपल्या डीटीपीत जागा भरायला चित्र फ्लिप करायची सवय आहे आणि मग सगळी माणसं डावखुरी होतात, पदर उलट्या खांद्यावर जातो.

पुस्तक आल्यावर

चित्रकाराचं नाव आतल्या मुख्य पानावर लेखकाच्या खाली, वाचता येईल अशा आकारात. मुखपृष्ठावर आलं तर उत्तमच, बालपुस्तकात तर आलंच पाहिजे, निम्मी गोष्ट त्यानं सांगितलेली असते. छापायच्या आधी नावाचं स्पेलिंग त्यालाच विचारून घ्या. प्रती ठरल्याप्रमाणं पाठवा, कमीत कमी पाच, त्याला घरी आणि गुरुजींना दाखवायच्या असतात. प्रकाशन कार्यक्रमाला बोलावलं तर स्टेजवर बसवा आणि एसटीचं भाडं द्या.

कागदावर काढलेली मूळ चित्रं असतील तर नीट स्कॅन करून परत द्यायची, ती त्याची मालमत्ता आहे, तुम्ही फक्त छापायचा हक्क घेतलाय. स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सना विद्यार्थ्यांना घेऊन ते काम परत सुरू करावं लागलं, आणि त्यातलंही बरंच पुन्हा लंडनमध्येच आगीत जळालं. मी मूळ चित्रं परत पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमधे, बटर पेपर घालून, वर प्लास्टिक, आणि पार्सलवर "दुमडू नये" मराठीत मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत ते काम वहीत खोडत नाही.